आवडतं पुस्तक आधी मोडतं

कपाटातली सगळ्यांत खिळखिळी पुस्तकं बाजूला काढून बघावीत. त्या घराची आवड तिथे कळते. बेळगाव भागातल्या वाचकाच्या त्या ढिगात काही नावं हमखास सापडतात: ज्यांचं आयुष्य बेळगावात गेलं त्या इंदिरा संतांचे कवितासंग्रह, शेजारच्या कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’, प्रकाश संतांच्या लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी. लंपन तर हवाच. कन्नड शब्द मिसळलेलं आपलं घरचं बोलणं छापील पानावर भेटलं की सीमाभागातल्या मुलाला मराठी पुस्तक एकदम आपलं वाटायला लागतं. हाच लंपन बाराव्या वर्षी गमतीसाठी वाचला जातो आणि पन्नाशीत त्याच्या आजी-आजोबांसाठी. इतकी वर्षं पुरायची, तर ती प्रत टिकली पाहिजे. शाळेच्या या महोत्सवी अंकात मला लिहावंसं वाटतं ते याबद्दल.

आपल्याकडे पुस्तकाचा पहिला शत्रू पाऊस. अथणीकडे तितकं नाही, पण बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि खालचा कप्पा जमिनीपासून निदान सहा इंच वर हवा. वाळवी भिंतीतून आणि फरशीच्या सांध्यांतून येते, तीही या अंतरामुळे वेळेवर दिसते. पुस्तकं ठासून भरू नयेत, हवा खेळत नाही. शिवाय ओढून काढताना कण्याचं वरचं टोक फाटतं. दोन्ही बाजूंची पुस्तकं जरा आत ढकलून मधलं पुस्तक पोटाशी धरून काढावं. वेखंडाची पुरचुंडी कप्प्यात ठेवायची आपली पद्धत चांगली आहे, मात्र वास गेला की ती बदलावी. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. काही वर्षांत टेप सुटून पडते, पण तिचा चिकटा कागदात मुरून पिवळा डाग कायमचा राहतो आणि अक्षरं त्याखाली जातात. त्यापेक्षा मैद्याची खळ करावी. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक झाक येईपर्यंत शिजवावा. गार झाल्यावर पातळ कापडातून गाळून घ्यावा. पावसाळ्यात ही खळ एका दिवसात आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. जपून ठेवायच्या पुस्तकाला ती नको, तांब्याचा क्षार कागद तपकिरी करून ठिसूळ बनवतो. जपानी टिश्यूची, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ पण चिवट कागदाची, सेंटिमीटरभर रुंद पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडावी, म्हणजे कडेचे तंतू पानात मिसळतात आणि कड उठून दिसत नाही. पट्टी लावल्यावर वर-खाली बटर पेपर घालून रात्रभर वजनाखाली ठेवावं. फेव्हिकॉल इथे नकोच: खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते, तो सुकल्यावर सहज सुटत नाही.

पाठ सुटली की बाइंडरकडे जायचं, पण आधी पुस्तक वरून न्याहाळावं. सोळा पानी फर्मे, म्हणजे एकाच मोठ्या छापील कागदाच्या घड्या, एकेक शिवलेले दिसले, तर ‘घडीतूनच शिलाई करा’ असं स्पष्ट सांगावं. न सांगितल्यास बाइंडर कडेने दाभणाची भोकं पाडून शिवतो. काम पटकन होतं, पण आतला अर्धा इंच समास जातो, पुस्तक पुरतं उघडत नाही आणि वाचणारा जोर लावतो की पानं फाटतात. ‘कटिंग नको’ हेही सांगावं, नाहीतर समासात पेन्सिलीने लिहिलेलं सगळं छाटलं जातं. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या अलीकडच्या पुस्तकांना ही सोय नाही, त्यांच्या घड्याच कापलेल्या असतात.

नवी आवृत्ती मिळते मग जुनी कशाला, असं विचारतात. 1962 च्या लेखननियमांआधी छापलेल्या प्रतीत ‘घरांत’, ‘नाहीं’ असे अनुस्वार भेटतात, आणि मराठी तेव्हा कशी लिहिली जात होती ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे.

भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नये. पुठ्ठे वाकतात, कागद आकसतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, पानं जरा विलग करून उभं ठेवावं. फार जड झालं असेल तर आधी आडवं ठेवून मधे मधे छपाई नसलेला टीपकागद घालावा आणि तो भिजला की बदलावा. गुळगुळीत चित्रांची पानं ओली असतानाच वेगळी करावीत, एकमेकांना चिकटून वाळली की ती सुटत नाहीत. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर आपल्या भागात हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

शाळेच्या ग्रंथालयाला एक सुचवतो. खंडेनवमीला पुस्तकं पूजेसाठी बाहेर निघतात, तोवर पाऊसही ओसरलेला असतो. त्याच दिवशी कपाटं पूर्ण रिकामी करून कोरड्या फडक्याने पुसावीत, मोडकी पुस्तकं वेगळी काढावीत आणि रद्दीचा निर्णय घेण्याआधी प्रत्येकाचं आवृत्तीचं पान उघडून बघावं. आठवी-नववीची मुलं हे काम उत्तम करतील, खळ करायचंसुद्धा.