गाडी विकली, पण ॲपमधून गेलीच नाही

जुनी गाडी विकून तीन आठवडे झाले होते. परवा फोनमधली नको असलेली ॲप्स उडवत बसलो होतो, त्यात गाडीचं ॲप उघडलं आणि बघतो तर लॉगिन अजून चालूच! गाडी कुठे उभी आहे, टाकीत पेट्रोल किती, दारं लॉक आहेत का, सगळं दिसतंय, वर लॉक उघडायचं बटणसुद्धा. आणि ज्या ताईंनी गाडी घेतली त्यांना यातलं काहीच माहीत नाही. घाम फुटला मला. लगेच फोन करून सांगितलं, माफी मागितली, अकाउंटमधून गाडी काढली. विकताना कागदपत्रं, दोन्ही चाव्या आठवणीने दिल्या, पण हे मला सुचलंच नाही आणि डीलरनेही सांगितलं नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, मला तीन आठवडे जे दिसू शकत होतं ते कंपनीला माझ्याबद्दल पाच वर्षं दिसत होतं. अशा ॲपवाल्या गाडीत तिचं स्वतःचं सिम असतं, आपला फोन घरी राहिला तरी ती माहिती पाठवतच असते. डिसेंबर २०२४ मध्ये बाहेर आलं की फोक्सवॅगन ग्रुपच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा क्लाउडवर नीट कुलूप न लावता पडून होता, त्यातल्या साधारण ४ लाख ६० हजार गाड्यांचं तर लोकेशनही. आता रात्री गाडी जिथे थांबते ते घर, दिवसा जिथे थांबते ते ऑफिस, आणि दर मंगळवारी एखाद्या दवाखान्यासमोर थांबत असेल तर तेही कळलंच की, नाव कशाला लागतंय!

अमेरिकेत जनरल मोटर्सचं प्रकरण तर मला जास्तच लागलं. जोरात ब्रेक किती वेळा मारला, स्पीड किती, रात्री किती चालवली, हे विमा कंपन्यांना माहिती पुरवणाऱ्यांकडे जात होतं आणि मालकांना पत्ताच नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, कारवाई केली, असा डेटा त्या माहिती पुरवणाऱ्यांना द्यायला जनरल मोटर्सला ५ वर्षं बंदी.

मालकांनीच परवानगी दिली होती असं कंपन्या म्हणतात, पण माझ्या गाडीच्या डिलिव्हरीला स्क्रीनवरचं 'मान्य' सेल्समननेच दाबलं होतं, मी शेजारी उभा होतो.

गाडी विकणार असाल तर आधी फॅक्टरी रीसेट करा, ब्लूटूथने आलेले कॉन्टॅक्ट्स उडवा, नेव्हिगेशनमधला घरचा पत्ता पुसा, आणि ॲपमधून गाडी काढा, नुसतं ॲप डिलीट करून भागत नाही. मी कंपनीला मेल टाकलाय, पाच वर्षांचा माझा रेकॉर्ड मला दाखवा आणि मग पुसा. अजून उत्तर आलेलं नाही.