जळाला की जाळला

आगीची खबर आली की अग्निशमन दलात आम्ही ‘वर्दी आली’ असे म्हणतो. वर्दीवरून बंब परतला, होज (पाणी मारायचे लांब पाइप) धुऊन वाळत घातले, की हातपाय धुऊन अहवाल लिहायला बसायचे, हा माझा तीस वर्षांचा नित्यक्रम होता. सांगली जिल्ह्यातील एका नगरपालिकेच्या सेवेतून मी निवृत्त झालो, तरी नव्याने भरती झालेली काही मुले अजून आपले अहवाल दाखवायला घरी येतात, आणि ते वाचताना मला खरोखर काळजी वाटते.

गेल्या फेब्रुवारीतला एक अहवाल सांगतो. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा वाऱ्याने एकमेकींना लागल्या, ठिणग्या पडल्या आणि अडीच एकर ऊस पेटला, असे शेजाऱ्यांनी सांगितले होते. मुलाने लिहिले होते, ‘शेतकऱ्याचा ऊस जाळला.’ मी बोट ठेवले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, एकच की ओ ते.” ते एक नाही. ‘ळ’चा काना ‘ज’ला लागला, एवढ्याने तारेचा दोष माणसाच्या माथी गेला. आपल्याकडे तोडणी सोपी व्हावी म्हणून फड मुद्दाम पेटवण्याचे प्रकार घडतात, जळीत उसाच्या दरात कारखाने कपात करतात, आणि भरपाई मागायला गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात तलाठ्याच्या पंचनाम्याबरोबर आमचाच अहवाल असतो. तो वाचणाऱ्याने ‘जाळला’ या शब्दावर थांबून ‘कोणी?’ असे विचारले, तर त्या शेतकऱ्याने काय उत्तर द्यावे?

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या एका तरुणाच्या नोंदीत मी ‘शिराला जखम’ असे वाचले. शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. त्याला ‘शिरेला’ म्हणायचे होते. गावांच्या नावांचेही तेच. शिराळा आपल्या जिल्ह्यात आणि शिरोळ कोल्हापूर जिल्ह्यात, मग घाईत कोणी ‘शिराळ’ लिहिले तर गाडी कोणत्या रस्त्याला लावायची? (नुसते ‘कवठे’ लिहिणाऱ्याला तर मी नेहमी थांबवतो, कवठे महांकाळ, कवठे एकंद आणि कवठे पिरान ही तीन तालुक्यांतली तीन गावे आहेत.) २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. अशा पुरात ‘मळ्यात माणसे अडकली’ आणि ‘मळ्यांत माणसे अडकली’ यांतला फरक एका अनुस्वाराचा असला, तरी मळा एक की अनेक हे, आणि म्हणून होड्यांचा हिशेब, त्यावर ठरतो.

या मुलांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण हीच मुले धुराने भरलेल्या खोलीत मागेपुढे न पाहता शिरतात. भरतीच्या परीक्षाच तशा असतात. उदाहरणार्थ, पोलीस भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते, पण ते पर्यायांतून ओळखायचे असते. त्यामुळे समासाचा प्रकार अचूक सांगणाऱ्या उमेदवाराने स्वतःची सलग दहा वाक्ये कधी लिहिलेलीच नसतात. पुढे फोनवर रोमन अक्षरांत मराठी टंकण्याची सवय लागते आणि फोन सुचवेल तो शब्द तसाच स्वीकारला जातो. शिवाय जुना अहवाल समोर ठेवून फक्त तारीख आणि नाव बदलायला या मुलांना आम्हा वरिष्ठांनीच शिकवले, हे मला मान्य केले पाहिजे.

आता मी त्यांना अहवाल मोठ्याने वाचायला लावतो आणि प्रत्येक क्रियापदाशी थांबून ‘हे कोणी केले, आणि ते तू स्वतः पाहिलेस का?’ असे विचारतो. उसाचा तो अहवाल लिहिणारा मुलगा गेल्या महिन्यात पुन्हा आला होता. या वेळी कडब्याची गंजी होती. त्याने लिहिले होते, ‘आम्ही पोचलो तेव्हा गंजी पूर्ण पेटलेली होती. आग कशी लागली हे कोणी पाहीलेले नाही. शेजारील गोठा वाचवीण्यात आला.’ दोन वेलांट्या मी दुरुस्त करून दिल्या. बाकी एका शब्दालाही हात लावावा लागला नाही.