लेन्सकडे की शेजारी?

आज आरामनगरात (मुंबईत वर्सोव्याला, जिथे ऑडिशन्स चालतात) साताऱ्याहून ऑडिशनला आलेल्या एका मुलाचा सीन मध्येच थांबवला. "लेन्समध्ये का बघतोयस?" एवढंच विचारलं. त्याला कळेचना.

ओळख देताना लेन्समध्येच बघायचं: नाव, वय, उंची, मग चेहऱ्याची डावी-उजवी बाजू दाखवायची. सीन सुरू झाला की नजर लेन्सच्या अगदी शेजारी, क्यू देणाऱ्याकडे, म्हणजे समोरच्या पात्राचे संवाद म्हणणाऱ्याकडे. शिवाय एकांकिका करून आलेली मुलं शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकतात. क्लोजअपमध्ये तो आरडाओरडा वाटतो, भुवया नाचताना दिसतात. अभिनय येत असतो हो त्यांना!

दोन मिनिटांत सांगण्यासारखं आहे हे. पण पोरगं "नॉट फिट" ऐकून निघून जातं आणि नोंदणीचे पैसे मागणारे नेमके अशांनाच गाठतात. ऑडिशनला पैसे द्यायचे नसतात, हे त्यांना गावाहून निघण्याआधी कोण सांगणार?