हाडं उकरताना काही वाटत नाही का?

उत्खननात काम करते म्हटलं की लोक आधी सोन्याचं विचारतात. मग जरा आवाज उतरवून, "माणसांची हाडं उकरताना काही वाटत नाही का हो?"

वाटतं. सगळ्यात जास्त वाटतं ते इनामगावच्या लहान मुलांचं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इथलं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात खणलं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० इथे शेतकरी नांदले. सातूचं पीक, गुरंढोरं, १३०हून जास्त घरं.

मूल दगावलं की ही माणसं त्याला गावाबाहेर नेत नसत. राखाडी मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. वर घर चालू राहायचं. मोठी माणसंही घरात नाहीतर अंगणात पुरलेली, डोकं उत्तरेला आणि पाय घोट्यापासून तोडलेले. इथे ऐकणारे दचकतात. मेलेल्याने भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून, असा अर्थ अभ्यासक लावतात. मला त्यात माया दिसते. नकोशा माणसाला कुणी उंबऱ्याच्या आत ठेवत नाही.

एका पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार, अंगणात चार पायांचा मातीचा रांजण आणि त्यात तो मांडी घालून बसवलेला. गावचा प्रमुख असावा.

म्हणून हाड दिसलं की कुदळ बाजूला ठेवतो. पुढचं काम बांबूच्या काडीने आणि ब्रशने. कुंभातली माती तर चाळून घ्यावीच लागते, दुधाचे दात इतके बारीक असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशाच्या उत्खननात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याला लागून राहिल्याने आतला दोराही टिकला होता, कापूस आणि रेशमाचा. कुणीतरी तो ओवून त्या गळ्यात घातला होता.

पण हाडं उकरण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं ते टेकाडं सपाट होताना. पांढरीची माती शेताला चांगली म्हणून ट्रॉल्या भरून जाते आणि असे कुंभ न बघताच चुरा होतात. तुमच्या गावाजवळ असं टेकाड असेल, लाल खापरावर काळी नक्षी दिसली, तर माती काढणं थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवा.