शेवटची बोट साडेचारची

क्रूझच्या ब्रोशरमध्ये "बँकॉक" लिहिलेलं असतं ना, त्यावर विश्वास ठेवू नका. चाओ फ्राया नदीत एवढं मोठं जहाज शिरत नाही, त्यामुळे ते थांबतं लाएम चाबांगला, म्हणजे कंटेनरच कंटेनर आणि क्रेनच क्रेन, आणि तिथनं बसने दोन तास. व्हिएतनामच्या सायगावचंही तेच, जहाज फू मीला आणि शहर दोन तास लांब. बारा रात्रींची ट्रीप, सिंगापूर ते सिंगापूर, मी, नवरा आणि बाबा म्हणजे माझे सासरे, आणि दर बंदरात उतरताना गळ्यात कार्ड, हातात छत्री आणि डोक्यात एकच आकडा, परत कितीला यायचंय.

बँकॉकला वाट फोचा झोपलेला बुद्ध पाहिला, 46 मीटर लांब. एवढा लांब की तो आख्खा एकदम दिसतच नाही, खांबांच्या मधनं तुकड्या-तुकड्याने बघायचा. मागच्या बाजूला ओळीने 108 भांडी आहेत, नोट देऊन चिल्लर घ्यायची आणि प्रत्येकात एकेक नाणं टाकत पुढे जायचं. टण, टण, टण. बाबा जपाची माळ ओढावी तसे चालले होते, इकडे गाईड झेंडा हलवतोय, बस सुटायची वेळ झाली, आणि हे सत्तराव्या भांड्याशी! नवरा म्हणाला बाबा उरलेली एकातच टाका, तर त्यांनी असं बघितलं की बस.

सायगावला फारसं काही सांगण्यासारखं नाही, पोस्ट ऑफिस सुंदर आहे पण मला आठवतोय तो रस्ता क्रॉस करणं. स्कूटरींचा पूर. थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीने चालत राहायचं, त्याच आपल्याला वळसा घालून जातात.

खरं बंदराचं शहर वाटलं ते मलेशियातल्या पिनांगचं जॉर्जटाऊन. तिथे बसबिस काही नाही, जहाज स्वेटनहॅम पियरला लागतं आणि तुम्ही चालत गावात. समोरच व्हिक्टोरिया राणीचा टॉवर, 1897 सालच्या तिच्या ज्युबिलीचा, 60 फूट उंच, राज्याच्या दर वर्षाला एक फूट (आपल्याकडे हा हिशोब कुणाला सुचू नये म्हणजे झालं). पुढे पंधरा मिनिटांत लिटल इंडिया, मोगऱ्याचे गजरे, तमिळ गाणी, आणि ते तेह तारिक, म्हणजे तिथला चहा. तारिक म्हणजे ओढलेला, मग्यातनं मग्यात हातभर उंचीवरनं ओततात, वर हा फेस. कंडेन्स्ड मिल्कमुळे गोडमिट्ट. बाबांनी दोन घेतले, डायबेटिस जहाजावर ठेवून आले होते.

पण जीव अडकला तो च्यू जेट्टीवर. पाण्यात खांब रोवून त्यावर लाकडी घरं, मधे फळ्यांची गल्ली, आणि अशा शेजारीशेजारी कितीतरी जेट्ट्या, एकेका चिनी आडनावाची एकेक. लिम वेगळे, तान वेगळे, च्यू वेगळे. कोकणात एकाच आडनावाची वाडी असते की नाही, तस्संच, भावकी फक्त पाण्यावर. जमीनच नाही म्हणून घरपट्टी नाही असं तिथे सांगतात. पुढच्या घरांत आता टीशर्ट-मॅग्नेटची दुकानं झालीयेत, पण आत गेलं की फळ्यांच्या फटीतनं खाली ओहोटीचा चिखल दिसतो, आणि तो वास! भाऊच्या धक्क्याचाच. एक आजी दारात कोळंबी सोलत बसली होती, बाबा तिच्यासमोर उभे राहिले, ती हसली, हे हसले, भाषेचा प्रश्नच आला नाही.

आता फुकेत. तिथे जहाज समुद्रातच उभं राहतं आणि छोट्या बोटीने पाटोंगच्या किनाऱ्यावर सोडतात. शेवटची बोट साडेचारला. आम्ही निवांत मँगो स्टिकी राइस खात बसलेलो, मोबाईलवर तीन दहा. बाबा म्हणाले, चार दहा झाले. नवरा म्हणाला बाबा तुमचं ते एचएमटी पुढे गेलंय, साठच्या दशकातलं असेल. मग वाद, मग मी दोन्ही बघितली, आणि पोटात गोळा आला. थायलंडला लागलो तसा मोबाईलने आपणहून एक तास मागे घेतला होता आणि जहाज चाललं होतं सिंगापूरच्या वेळेवर, रात्री केबिनमध्ये ठेवलेल्या कागदावर ते ठळक लिहिलेलं पण वाचतो कोण. चपला हातात घेऊन वाळूतनं पळालो. बाबा सगळ्यात पुढे.

ठाण्याला येऊन महिना झाला तरी ते घड्याळ अडीच तास पुढेच आहे, बाबा मागे करू देत नाहीत. काल चारचा चहा नेऊन दिला तर मनगट बघून म्हणाले, साडेसहा, बोट गेली तुमची.