सहा इंची आरसा: पडलेला काठ वर आला!

दुर्बिणीसाठी घरी घासत असलेल्या आरशाचा हा पुढचा अपडेट. काल रात्री फूको टेस्टरमध्ये (आरशाचा आकार प्रकाशाने तपासायचं साधन) नाइफ-एज, म्हणजे पात्याची धार, सरकवली, आरसा एकसारखा करडा झाला आणि दोन्ही कडांना केसाएवढी उजळ रेघ! मागच्या अपडेटमध्ये तीच रेघ एका बाजूला गायब होती. काठ पडलाय (म्हणजे कडेची काच जास्त झिजून तिथे आकार खाली झुकलाय), नवी काच घ्या, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. काच तीच आहे.

घोडं पेंड खात होतं पिचपाशी, म्हणजे लॅपवर (पॉलिश करायच्या चकतीवर) असतो त्या डांबरासारख्या थरापाशी. सोलापूरचा मे, बाहेर पारा 42 वर, खोलीत 36. अशात नेहमीचं पिच लोण्यासारखं होतं. आरसा रुततो, काठाशी पिच फुगतं आणि नेमकी तिथलीच काच जास्त झिजते. सकाळी कोरलेल्या खाचा दुपारी बुजलेल्या. ‘नखाचा ठसा उमटला की पिच बरोबर’ हे एसी खोलीतलं माप इथे कुचकामी.

म्हणून राळ वाढवली. मधल्या मारुतीजवळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. पिवळे, आरपार दिसणारे खडेच घ्या. पुडीत कचरा फार. मंद आचेवर पिच वितळवून थोडी थोडी राळ घालायची, दर वेळी चमचाभर पिच पाण्यात निववून नख लावायचं. पाणी माठातलं नको, खोलीत ठेवलेलंच हवं, नाहीतर पिच उगाच कडक वाटतं. जोर लावल्यावर जेमतेम ओरखडा उठला, तेव्हा गॅस बंद केला. लॅपच्या चौकटींचे कोपरे उडतात, उडू देत.

मग पहाटेच पॉलिश: आरसा वर, लॅप खाली, व्यासाच्या एक तृतीयांश लांबीचे स्ट्रोक. (ऑनलाइन मागवलेलं स्वस्त सिरियम (पॉलिशची पूड) फेकलं. त्यात खर होती.) टेस्टआधी आरसा पुरता निवू द्या, हाताच्या उबेनंही आकार फसवतो. आणि टेस्टला पंखा बंद. मे महिन्यात! आई म्हणाली, ‘त्या आरशापायी आम्हाला उकडून काढ.’

आरसा एफ/8 आहे (फोकल लांबी व्यासाच्या आठपट), म्हणून आकार गोलच, म्हणजे गोलाच्या तुकड्यासारखा, ठेवून कोटिंगला (चकचकीत थर द्यायला) पाठवायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, पावसाळ्यात आकाश कुठे मिळणार? लॅपही तेव्हा शहाण्यासारखा वागेल. पॅराबोलासाठी (सगळा प्रकाश एका बिंदूत आणणारा आकार) टेस्टरचा दिवा स्थिर ठेवला तर मध्य आणि काठ यांच्या रीडिंगमध्ये जेमतेम 2.3 मिलीमीटरचा फरक आणायचाय. करूनच टाकतो पॅराबोला. कूडर मास्कसाठी (आरशाचे पट्टे, म्हणजे झोन, वेगवेगळे तपासायला खिडक्या कापलेला पडदा) पुठ्ठा काढलाय. 150 मिमीसाठी झोनची मापं कुणी आधीच काढली असतील तर इथेच टाका.