नळीवर के-14 लिहिलं होतं

सांगलीत हरभट रोडजवळ माझा स्टुडिओ आहे. कलर रोल धुण्याचं मशीन केव्हाच बंद पडलं. ब्लॅक अँड व्हाइट अजून हातानं धुतो, बाकीचे रोल ज्या त्या लॅबला पाठवतो. लोकांना वाटतं, रोल म्हणजे रोल. पण रोलच्या नळीवर छापलेली प्रोसेस, म्हणजे तो कुठल्या पद्धतीनं धुवायचा ते, वाचल्याशिवाय मी पाकीटसुद्धा बंद करत नाही.

गेल्या पावसाळ्यात मिरजेच्या एक ताई वडिलांच्या कपाटातले तीन रोल घेऊन आल्या. आधी एका दुकानात त्यांना ‘तिन्ही एकाच मशीनमध्ये टाकू’ म्हणून सांगितलं होतं. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. एक होता कोडॅक गोल्ड, सी-41, म्हणजे कलर निगेटिव्हची नेहमीची प्रोसेस. तो मुंबईला जाणार, प्रश्नच नव्हता. दुसरा 120 या रुंद आकाराचा ओर्वो एनपी 22, पूर्व जर्मनीचा, ब्लॅक अँड व्हाइट. तो सी-41 मध्ये गेला असता तर ब्लीच आणि फिक्सरनं चित्राची चांदीच काढून नेली असती आणि हाती कोरी पट्टी आली असती. तिसऱ्या नळीवर के-14 वाचलं आणि मी थबकलो. ही फक्त कोडाक्रोमची प्रोसेस. रोल होता कोडाक्रोम 64, कोडॅकची कलर स्लाइड फिल्म, त्यांच्या अमेरिकेतल्या काकांनी आणून दिलेला.

“बाबा म्हणायचे, यात आईचे फोटो आहेत. रंग येतील ना, दादा?”

मी खरं तेच सांगितलं. रंग तयार करणारी रसायनं या फिल्ममध्ये नसतातच. ती धुताना एकेका थरात घालावी लागायची. कोडॅकनं 2009 मध्ये ही फिल्म बंद केली आणि कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या शेवटच्या लॅबनं 2010 संपताना रोल घेणं थांबवलं. रंग गेले, पण चित्र उमटलेलं असतं. ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढता येतं.

“काढा. आई दिसली तरी पुरे.”

एखादी फ्रेम जाईल, हे ताईंना विचारून अंधारात टोकाचा तुकडा कापला आणि डी-76 या ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमध्ये धुऊन पाहिला. फॉग, म्हणजे जुन्या फिल्मवर चढणारा करडेपणा, बराच होता, म्हणून पुढच्या डेव्हलपरमध्ये तो दाबणारं बेंझोट्रायझोल घातलं. मग पूर्ण रोल. फिल्मच्या पाठीवरचा काळा थर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून हळूहळू पुसला. काजळीसारखा बोटांना लागत होता. हाच थर मशीनमध्ये गेला की रोलर आणि केमिकल दोन्ही खराब करतो. खालून पिवळट-तपकिरी, गच्च पट्टी निघाली, कारण आतल्या फिल्टरच्या थरात बारीक चांदी असते. उजेडात धरून काही कळेना, स्कॅनरनं मात्र वाचली.

बऱ्याच फ्रेम वाया गेल्या होत्या. एकीत सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कठड्याशी एक बाई उभी, वाऱ्यानं पदर उडालेला, एक हात पोटावर. ताई स्क्रीनला जवळजवळ चिकटल्याच.

“मी पोटात असतानाची आहे ही.”

त्या फ्रेमवर मी त्या रात्री बराच वेळ बसलो, ओरखडे काढत. ओर्वो दुसऱ्या दिवशी धुतला. गोल्ड कुरिअरनं मुंबईला गेला. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : सी-41, जुना रोल, पट्ट्या कापू नका.